टी-पीस ते सीपॅप: लहान मुलांच्या श्वास-साधनांचे नमुने, कामाच्या नोंदी

१४ जून, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

काम घेतलं. मॅडम लहान मुलांच्या भूलतज्ज्ञ आहेत, शिकवतातही. १६ ऑक्टोबरला जागतिक भूल दिन असतो (१८४६ साली याच तारखेला बोस्टनमध्ये मॉर्टनने ईथरचा जाहीर प्रयोग केला), त्या दिवशी विद्यार्थ्यांसमोर मांडायला चालते नमुने हवेत. मुलांना श्वास देणारी साधनं कशी बदलत गेली आणि बदलणारे लोक कोण होते, एवढा विषय.

मी म्हटलं, "मॅडम, खरी उपकरणं तुमच्याकडे असतीलच की. ती का ठेवत नाही?" त्या म्हणाल्या, "खऱ्यात आत काय चाललंय ते दिसत नाही. पोरं पिशवी दाबतात, हवा कुठून कुठं गेली ते पाठ करतात. मला ते डोळ्यानं दाखवायचंय."

म्हणजे अ‍ॅक्रिलिक. आणि चालते, म्हणजे एक खोटं फुप्फुस.

पहिली अट मीच घातली: यातलं काहीही माणसाला लावता येणार नाही असं करायचं. चालत्या नमुन्यांचे जोड मुद्दाम वेगळ्या मापाचे ठेवायचे, खऱ्या नळीला बसताच कामा नयेत. मॅडमना ते लगेच पटलं.

१७ जून

मॅडमनी दिलेलं वाचतोय. सुरुवात न्यूकॅसलच्या फिलिप एअरपासून करायची असं त्यांनी सांगितलंय. १९३७ साली त्याने दुभंगलेल्या ओठाच्या आणि टाळूच्या बाळांना भूल देण्याबद्दल लेख लिहिला. एअर स्वतः दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊनच जन्माला आला होता. लेखात कुठं भावनेचा सूर नाही म्हणे, पण माणूस त्याच बाळांकडे का वळला हे विचारायची गरज वाटत नाही.

तेव्हाची अडचण यंत्राची होती. मोठ्यांसाठीच्या भुलीच्या यंत्रात झडपा, जाड नळ्या, पिशवी. मोठा माणूस एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा ओढतो, त्याला झडपेचा अडसर जाणवतही नाही. तीन किलोचं बाळ ओढतं २० मिलिलिटर. झडप उघडायलाच त्याची अर्धी ताकद जाते, आणि सोडलेली हवा नळ्यांच्या पोकळीतून परत त्याच्याच छातीत येते. एअरने झडपा काढल्या, पिशवीही काढली. उरली धातूची एक टी आकाराची नळी: आतला व्यास साधारण १ सेंटीमीटर, लांबी २ इंचांच्या आसपास. एक तोंड बाळाकडे, एक उघडं, बाजूच्या बारक्या तोंडातून ताजा वायू. बास.

लेथवर एका दुपारचं काम आहे. वाचून झाल्यावर मामांना (आमचे टर्नर, चाळीसेक वर्षं चकासमोर उभे आहेत) स्केच दाखवलं. ते म्हणाले, "ह्यात शोध काय लावला? टी तर आपण शेतीपंपाला रोज बसवतो." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "बाकीचं काढायचं धाडस केलं म्हणा की."

२१ जून

जोडांची पाटी. ही एकच वस्तू खऱ्या मापात करायची, पण भरीव, आरपार छिद्र नाही. भुलीच्या सामानातले शंकू १५ मिमी आणि २२ मिमी, टेपर १:४०. जगात कुठंही जा, नळीचा जोड आणि मास्कचा जोड याच मापात.

१:४० म्हणजे ४० मिमी लांबीत व्यास १ मिमीने बदलतो. लेथची कंपाउंड स्लाइड (हत्यार तिरकं सरकवणारा भाग) अर्ध्या कोनाला लावायची, ती ०.७१६ अंश, म्हणजे ४३ मिनिटं. आमच्या स्लाइडवर खुणा पूर्ण अंशांच्या. म्हणून कोन बघून लावायचा नादच सोडला. डायल लावला, ४० मिमी सरकवल्यावर काटा अर्धा मिमी फिरला पाहिजे, एवढं जमेपर्यंत ठोकत बसलो. मग पितळी शंकू काढले. निळा रंग लावून खऱ्या जोडात फिरवून पाहिले, रंग सगळीकडे सारखा पुसला गेला. मामा खूश.

हे माप एकसारखं नव्हतं तेव्हा काय होत असेल, याचा विचार वर्कशॉपवाल्यालाच नीट करता येईल. जोड ढिला असला तर नळी ऑपरेशनच्या मध्येच सुटते, आणि मुलाचं तोंड हिरव्या कापडाखाली असतं.

२८ जून

आज नुसतं वाचन आणि मॅडमबरोबर चहा. मांडणीतला मुख्य माणूस ठरला: गॉर्डन जॅक्सन रीस. त्याच्या नावाचं साधन हवं असलं की ओटीत (ऑपरेशन थिएटरात) आजही सगळे "जेआर आण" म्हणतात, पण जे कोण आणि आर कोण हे निम्म्यांना माहीत नसतं, असं मॅडमचं म्हणणं.

जन्म १९१८, इंग्लंडमधलं ऑस्वेस्ट्री गाव. लिव्हरपूलला डॉक्टर झाला, युद्धात हवाई दलात गेला, परत आल्यावर सेसिल ग्रे यांच्या भूलविभागात. ग्रे आणि हॉल्टन यांनी १९४६ मध्ये क्युरारेचा मोठा अनुभव मांडला होता. या औषधाने स्नायू ढिले पडतात, श्वासही थांबतो, मग श्वास हाताने द्यायचा. त्यामुळे भुलीचं औषध थोडं पुरतं. मोठ्यांसाठी हे चाललं. जॅक्सन रीसने ते नवजात बाळांकडे नेलं. १९५० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्याचा नवजात बाळांच्या भुलीवरचा लेख आला. त्यातच एअरच्या टी-पीसची त्याने केलेली दुरुस्ती आहे.

दुरुस्ती काय? एअरच्या उघड्या नळीच्या टोकाला एक छोटी पिशवी जोडली, साधारण अर्ध्या लिटरची. आणि पिशवीच्या शेपटीला भोक ठेवलं. झडप याही वेळी नाहीच. शेपटीचं भोक करंगळीने आणि अनामिकेने आवळायचं-सोडायचं, उरलेल्या बोटांनी पिशवी दाबायची. झडपेचं काम बोटांकडे आलं.

मॅडम म्हणाल्या, "यंत्रावर बाळ ठेवलं की मी आकडे बघते. जेआर हातात असला की मला बाळाचं फुप्फुस हाताला कळतं. कडक झालं, कफ अडकला, नळी वाकली, आकडा बदलायच्या आधी कळतं." त्या असंही म्हणाल्या की शिकाऊ हाताला यातलं काही कळत नाही, आणि तिथंच हे साधन धोक्याचं होतं. शेपूट आवळलेली राहिली की वायू येतच राहतो, जायला वाट नाही. छोट्या फुप्फुसाला फुटायला वेळ लागत नाही.

ही गोष्ट मांडणीत आलीच पाहिजे. कशी, ते ठरलेलं नाही.

५ जुलै

पाऊस. अ‍ॅक्रिलिकच्या सळ्या आल्या. टी-पीस आणि जेआरची नळी खऱ्यापेक्षा जरा मोठी, म्हणजे मागच्या बाकावरूनही दिसेल अशी. बोअर करताना साबणाचं पाणी सतत, फीड कमी, नाहीतर आतून धूसर होतं. रबिंग पेपर पाण्यात, मग ब्रासो. आरपार दिसतं.

स्पिरिटने पुसायचं नाही, अशी चिठ्ठी आत्ताच करून ठेवली. स्पिरिट लागलं की अ‍ॅक्रिलिकला बारीक चिरा जातात, आणि दवाखान्यातल्या माणसाच्या हातात बोळा आला की तो स्पिरिटमध्येच बुडवणार.

१२ जुलै

फुप्फुस. काचेची सिरिंज, दट्ट्याला कॅम (फिरता फिरता दट्ट्या ढकलणारी चकती), कॅमला वायपरची जुनी मोटर. स्ट्रोक २० मिलिलिटरचा, मिनिटाला ४० श्वास. मिनिटाला ८०० मिलिलिटर होतात. टी-पीसला ताजा वायू याच्या अडीच ते तीन पट द्यावा लागतो, म्हणजे २ ते २.४ लिटर. माशांच्या टाकीचा पंप तेवढा देतो.

हवा दिसायला धूर हवा. आधी चुन्याच्या निवळीचा विचार होता, कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधी होते हे शाळेतलं सगळ्यांना आठवतं. पण ती दुधी व्हायला वेळ लागतो, एका श्वासात काय झालं ते सांगत नाही. उदबत्तीचा धूर सिरिंजमध्ये भरला: बाहेर पडणारा श्वास पांढरा, ताजी हवा बिनरंगी. आता कुठली हवा परत आत येते ते उघड दिसतं. धुरामुळे दट्ट्या चिकट होतो, दर तासाला पुसावा लागेल. चालेल.

१९ जुलै

गंमत झाली. प्रवाह पुरेसा असूनही धूर परत आत येत होता. मॅडमना व्हिडिओ पाठवला. त्यांचा एका ओळीचा निरोप: "बाळ असं श्वास घेत नाही."

कारण कॅम गोल. गोल कॅमवर दट्ट्या सतत हलतो: आत, बाहेर, आत, बाहेर. खरं बाळ श्वास सोडून झाल्यावर क्षणभर थांबतं. त्या थांब्यातच ताजा वायू नळीतली वापरलेली हवा पिशवीकडे ढकलून देतो, आणि पुढचा श्वास स्वच्छ मिळतो. सगळी यंत्रणा त्या थांब्यावर उभी आहे, आणि आमच्या कॅममध्ये तो नव्हताच.

मामांनी नवा कॅम फाइल करून दिला, श्वास सोडल्यानंतर सपाट टप्पा असलेला. धूर नळीत मागे सरकतो, थांबतो, निघून जातो. मग मोटरचा वेग वाढवला, टप्पा आखूड झाला, धूर पुन्हा आत. बाळ घाबरून भरभर श्वास घ्यायला लागलं की वायूचा प्रवाह का वाढवायचा, ते एका बटणात दिसतं. जुना गोल कॅमही ठेवून दिलाय. अदलाबदल करून दाखवता येईल. माझ्या मते अख्ख्या मांडणीतली सगळ्यात उपयोगी वस्तू हीच.

२६ जुलै

मागच्या नोंदीतलं गणित कागदावर मांडणारा माणूस डॉक्टर नव्हताच. मॅपलसन, कार्डिफचा भौतिकशास्त्रज्ञ. १९५४ मध्ये त्याने तेव्हा वापरात असलेल्या श्वास-सर्किटांना ए ते ई अशी अक्षरं दिली: वायू कुठून येतो, झडप कुठं आहे, पिशवी कुठं आहे, आणि यावरून वापरलेली हवा किती परत येईल. एअरचा टी-पीस ई. जॅक्सन रीसच्या रूपाला एफ हे अक्षर १९७५ च्या एका लेखातून मिळालं, त्याच्या लेखकांत मॅपलसन स्वतः होता. तोवर साधन पंचवीस वर्षं वापरात होतं. उद्यमनगरातही असंच चालतं, जॉब आधी चालतो, ड्रॉइंग नंतर निघतं.

२ ऑगस्ट

नळीच्या व्यासाचा नमुना. मॅडमचं वाक्य पाटीवर लिहायचं ठरलं: बाळाची ४ मिमीची वाट चहूबाजूंनी १ मिमी सुजली तर २ मिमी उरते, आणि अडथळा सोळा पट होतो. मोठ्याची ८ मिमीची वाट तेवढीच सुजली तर ६ मिमी उरते, अडथळा तीन पटींच्या जरा वर. प्रवाह शांत असेल तर अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो म्हणून.

पाण्याने दाखवायला गेलं तर सोळा येत नाही. पाणी एवढ्या रुंद भोकातून खळखळत जातं, आणि नियम शांत प्रवाहाचा. मामा म्हणाले तेल घाला. शेंगतेल घातलं, लांब नळ्या घेतल्या, आकडा सोळाच्या जवळ आला. वर्कशॉपात दिवसभर भज्यांचा वास.

मॅडमची पुस्ती: मूल रडायला लागलं की श्वासही खळखळतो, मग चौथा घात पाचवा होतो. म्हणून घशाला सूज असलेल्या मुलाला आईच्या मांडीवरून उचलत नाहीत.

९ ऑगस्ट

मास्क. महाद्वार रोडवरून बाहुली आणली, तिच्या तोंडावर दोन मास्क. एक मोठ्यांच्या मास्कची लहान प्रत, घुमटासारखी, हवेच्या गादीची. दुसरा रेंडेल-बेकर पद्धतीचा: चेहऱ्याला लगटून बसणारा, पोकळी जवळजवळ नाहीच. लेस्ली रेंडेल-बेकर आणि सूचेक यांनी मुलांच्या चेहऱ्यांचे साचे घेऊन हा आकार काढला आणि १९६२ मध्ये मांडला. दोन्हींत पाणी भरून मोजलं, फरक बघणाऱ्याला सांगावा लागत नाही. वीस मिलिलिटरच्या श्वासातले किती मास्कमध्येच अडकतात, हा प्रश्न आहे.

आज ओटीत तो फारसा दिसत नाही. पारदर्शक, मऊ काठाचे गोल मास्क बसवायला सोपे, ओठांचा रंग दिसतो, हवा गळत नाही. मला हे चांगलं वाटलं: एखादी वस्तू मागे पडते, पण तिने विचारलेला प्रश्न पुढच्या प्रत्येक वस्तूला सोडवावा लागतो.

याच रेंडेल-बेकरचं दुसरं काम माझ्या धंद्याच्या जास्त जवळचं. अमेरिकेत भुलीच्या सामानाची मापं आणि दर्जा ठरवणाऱ्या झेड-७९ समितीच्या कामात तो आघाडीवर होता. जुन्या श्वासनळ्यांवर 'झेड-७९' आणि 'आयटी' अशी छपाई असायची. आयटी म्हणजे त्या प्लास्टिकचा तुकडा सशाच्या स्नायूत ठेवून, इजा होत नाही हे तपासलेलं. मास्कला नाव मिळतं, मापाच्या तक्त्याला कुणाचं नाव नसतं.

१७ ऑगस्ट

श्वासनलिकेत घालायच्या नळ्यांची पाटी लवकर उरकली. पूर्वी साधारण आठ वर्षांखालच्या मुलांना फुग्याची नळी (टोकाशी फुगा असलेली, तो फुगवला की भोवतालची फट बंद होते) नको, असा दंडक होता, कारण फुगा श्वासनलिकेच्या आतल्या नाजूक अस्तराला दाबेल. पुढे अगदी पातळ पॉलियुरेथेनचे फुगे आले. २००९ मध्ये स्विस डॉक्टर वाइस आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांपर्यंतच्या २,२४६ मुलांवरची तुलना छापली: नळी काढल्यावरच्या घरघरीत फरक नाही (४.४ आणि ४.७ टक्के), पण मापाची नळी बसली नाही म्हणून बदलावी लागण्याचं प्रमाण बिनफुग्यात ३०.८ टक्के, फुग्याच्या नळीत २.१. दर तिसऱ्या बाळाच्या घशात पुन्हा नळी घालायची वेळ, ती टळली.

पाटीवर एक वाकडी नळीही: सॉल्ट लेक सिटीच्या रिंग, अ‍ॅडेअर आणि एल्विन यांची, १९७५. तिघांच्या आद्याक्षरांवरून 'रे' ट्यूब. हनुवटीवरून खाली वळलेली, म्हणजे टाळूच्या ऑपरेशनला सर्जनच्या हाताला नडत नाही. एअर ज्या बाळांसाठी धडपडला त्यांच्याचसाठी ही. ती पाटीवर टी-पीसच्या शेजारी लावली.

९ सप्टेंबर

गणपतीत काम बंद होतं. आता सीपॅप, म्हणजे श्वासाच्या वाटेत सतत थोडा दाब राखणं.

१९७१, सॅन फ्रान्सिस्को, जॉर्ज ग्रेगरी, हाही लहान मुलांचा भूलतज्ज्ञ. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं फुप्फुस प्रत्येक श्वासाअखेर मिटून जातं. अशी बाळं कण्हतात. ते कण्हणं म्हणजे घसा अर्धवट मिटून हवा आत धरून ठेवायची धडपड. डॉक्टर त्यांच्या घशात नळी घालायचे आणि नेमकी तीच धडपड बंद पाडायचे. ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी श्वास सोडतानाही थोडा दाब सतत राखला. पहिल्या लेखात २० बाळं, १६ वाचली.

आणि त्याचं साधन? जॅक्सन रीसची तीच पिशवी. शेपटीच्या भोकाला स्क्रूचा चिमटा, शेजारी दाबमापक, आणि एक नळी पाण्यात बुडवलेली, दाब जास्त झाला तर तिथून बुडबुडे निघून जावेत म्हणून. पुढे न्यूयॉर्कला जेन-त्येन वुंग, तोही भूलतज्ज्ञ, नाकात घालायच्या आखूड नळ्या आणि बुडबुड्यांची बाटली यांवर काम करत राहिला. नळी पाण्यात ५ सेंटीमीटर बुडवली तर दाब पाण्याचा ५ सेंटीमीटर. बाटली आणि मोजपट्टी.

२८ जूनला अर्धवट राहिलेला प्रश्न ग्रेगरीने सोडवलेलाच होता, शेपूट आवळलेली राहिली तर काय करायचं हा.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. लेथ धुऊन-पुसून पूजा केली, हार घातले, शेजारी नमुनेही मांडले. मामांनी कॅमला कुंकू लावलं. दुपारनंतर मशीन चालवायचं नाही, म्हणून हाताचं काम: जेआरच्या नमुन्याला बाजूची नळी आणि पाण्याची बाटली जोडली, मधे नळ. नळ बंद असताना शेपूट आवळली की दाब दाखवणाऱ्या यू-नळीतलं पाणी चढतच जातं, फुग्याचं फुप्फुस ताठ होतं. नळ उघडला की पाणी बाटलीच्या खोलीएवढं चढतं, थांबतं, आणि बुडबुडे सुरू.

९ ऑक्टोबर

मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन वर्कशॉपवरच आल्या. एका मुलीने जेआर हातात घेतला आणि पहिल्याच झटक्यात शेपूट गच्च आवळली. यू-नळीतलं पाणी वरून उडून मामांच्या शर्टावर. "ताई, दोन बोटं ढिली सोडा की जरा," मामा म्हणाले. तिनं सोडली, मग नळाकडे न बघता नुसत्या बोटांवर पाणी ५ च्या खुणेपाशी धरून बसली, बराच वेळ.

यू-नळीची उंची वाढवायची, वर बुच बसवायचं. दट्ट्याची ग्रीस बदलायची. जादा फुगे, उदबत्त्या, दोन्ही कॅम आणि स्पिरिटची चिठ्ठी पेटीत. टेम्पो १५ तारखेला सकाळी.